वेळ गेला, वेळ झाली

मराठी मुलांची शब्दसंपत्ती आटत चालली आहे, ही तक्रार आता इतकी रुळली आहे की ती कुणी तपासून पाहत नाही. तक्रारीमागोमाग उपायही ठरलेला असतो. रोज पाच नवे शब्द पाठ करून घ्या, फळ्याच्या कोपऱ्यात ‘आजचा शब्द’ लिहा, समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांची पुस्तिका विकत आणा. पालक खूश, शाळा खूश. हिशेबही बरा दिसतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ष किमान २०० दिवसांचे असते. रोज पाच म्हणजे वर्षाला १००० शब्द, पाचवीअखेर ५०००.

माझे म्हणणे असे की हा हिशेबच भलत्या वस्तूचा आहे. मराठीच्या तासाला आपण शब्द शिकवत नाही, एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवायला शिकवतो. शब्द येणे म्हणजे त्याचे लिंग माहीत असणे, प्रत्यय लागताना तो कसा बदलतो हे कळणे, त्याच्या सोबतीला कोणता शब्द चालतो हे कानाला ठाऊक असणे आणि तो कुठे बोलायचा, कुठे नाही याचे भान असणे. धड्याखालच्या ‘शब्दार्थ’ नावाच्या दोन रकान्यांत यातले काहीच मावत नाही. म्हणून शब्द थोडे शिकवावेत, पण पुरते शिकवावेत. आणि सुरुवात मुलाच्या तोंडात आधीच असलेल्या शब्दांपासून करावी. हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. खणखणीत वाचन आणि शांत अज्ञान

देवनागरीचा एक मोठा गुण आहे आणि तोच शिक्षकाला फसवतो. बाराखडी हाताशी आली, जोडाक्षरांची भीती मोडली, की मूल समोर येईल ते वाचते. च, ज, झ यांचे दुहेरी उच्चार सोडले तर फारसे कुठे अडत नाही. इंग्रजी वाचणारे मूल अनोळखी शब्दाच्या उच्चारापाशीच अडखळते, त्यामुळे त्याचे न येणे तिथल्या तिथे उघडे पडते. मराठी मूल मात्र ‘प्रकाशसंश्लेषण’ खणखणीत वाचते आणि वर्ग पुढे सरकतो. त्याला तो शब्द कळलेला नाही, हे कुणाच्या कानावर पडत नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज न धरता त्यांनी गुणाकार धरला, यातच सगळे आले. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. आता ‘असर’ या शालेय पाहणीचे आकडे पाहा. २०१८ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, २०२२ साली हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले. यावर हळहळ झाली आणि ती रास्त होती. पण ती चाचणी मुख्यतः मोठ्याने वाचता येण्याची आहे. ज्यांना वाचता आले, त्यांच्याही बाबतीत गुणाकाराची दुसरी बाजू किती भरते, हा प्रश्न उरतोच.

शब्दांचा प्रश्न या दुसऱ्या बाजूचा आहे. आपण मात्र पहिल्या बाजूची सवय तिला लावतो. अक्षरे मोजकी असतात, घोटली की संपतात. शब्द घोटून संपत नाहीत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत. वर्षाला हजार या वेगाने तो पुरा करायला ६० वर्षे लागतील, म्हणजे पहिलीत बसलेले मूल साठी उलटल्यावर ‘ज्ञ’पाशी पोचेल. तोवर भाषा किती बदललेली असेल ते वेगळेच.

२. जल, नीर, सलिल आणि परीक्षेतला एक गुण

पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, सलिल, पय. हे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाचे कौतुक होते. पण त्याला विचारा, नळाला सलिल येते का? तहान लागल्यावर कुणी उदक मागते का? उदक सोडतात, तेही संकल्पाच्या वेळी किंवा एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडून देताना. जल हे जलवाहिनीत आणि जलसंधारणात असते, पेल्यात नसते. आणि पय म्हणजे दूधसुद्धा. शाळेची यादी या सगळ्यांच्या मध्ये एकच बरोबरीचे चिन्ह घालते. दोन शब्द एकाच जागी निर्धास्त बसावेत असे भाषेत क्वचितच घडते. बसत असते तर त्यातला एक कधीच गळून पडला असता.

ही यादीची सवय आपल्याकडे कुठून आली असावी, याबद्दल माझा एक तर्क आहे. संस्कृत पाठशाळेत अमरकोश मुखोद्गत करून घेत. अमरसिंहाने एकेका वस्तूची सगळी नावे श्लोकांत बांधली. ज्याला पुढे वृत्तात लिहायचे आहे, त्याला ही सोय मोलाची होती. कुठे दोन मात्रांचा शब्द हवा, कुठे चार. पदरी दहा नावे असली की ओळ अडत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला वृत्तात लिहायचे नसते. त्याला ‘काल पाणी का आले नाही’ हे चार वाक्यांत लिहायचे असते. कवीचे हत्यार आपण त्याच्या हाती दिले आणि हत्याराबरोबरचे मार्गदर्शन मात्र काढून घेतले. कारण अमरकोशाचे मूळ नाव ‘नामलिंगानुशासन’. त्यात नावाबरोबर लिंगही शिकवलेले आहे. आपल्या शब्दार्थाच्या तक्त्यात तेवढेही उरले नाही.

समानार्थी शब्दाने अर्थ कळल्यासारखे वाटते, हीच त्याची गोम. ‘निबिड म्हणजे दाट’ एवढेच शिकलेल्या मुलाने ‘आईने निबिड ताक केले’ असे लिहिले तर चूक त्याची नाही. दिलेल्या नियमाप्रमाणे त्याचे वाक्य बिनचूक आहे. ‘विपुल म्हणजे खूप’ शिकलेल्या मुलीला विपुल झोप येणारच. निबिड हा शब्द अरण्याशी आणि अंधाराशी बांधलेला आहे, ही माहिती त्याच्या अर्थाचाच भाग आहे आणि तीच आपण दिलेली नाही. हुशार मुले यातूनही वाट काढतात. ‘वाक्यात उपयोग करा’ म्हटले की ‘मला निबिड हा शब्द फार आवडतो’ असे लिहितात. व्याकरण शुद्ध, वाक्य पूर्ण. शिक्षकाने गुण नाकारावा कशाच्या आधारावर?

३. शब्द पुरता येणे म्हणजे काय

लिंगापासून सुरुवात करू, कारण मराठीत लिंग बदलले की कित्येकदा शब्दच बदलतो. ‘माझा वेळ गेला’ आणि ‘जायची वेळ झाली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. तो वेळ मोजता येतो, वाया जातो, काढता येतो. ती वेळ येते, टळते, साधते. पहिल्याचे ‘थोड्या वेळात’, दुसरीचे ‘ठरल्या वेळेत’. कोशात दोन्हींपुढे ‘समय’ लिहिले की हा सगळा भेद पुसला जातो. तसेच ‘नाव’. ते नाव पाटीवर असते, ती नाव नदीवर. ‘नावात काय आहे’ आणि ‘नावेत काय आहे’ यांतला फरक ओळखायला मुलाला लिंगाचा धडा वेगळा लागत नाही. शब्द भेटताना तो लिंगासकट भेटावा लागतो. ‘वेळ’ असे फळ्यावर एकटे लिहू नये. ‘तो वेळ’, ‘ती वेळ’ असे लिहावे. खडू थोडा जास्त झिजेल.

मग रूप. मराठी शब्द वाक्यात शिरताना सहसा आहे तसा शिरत नाही, सामान्यरूप घेऊन शिरतो. पाऊस पावसात होतो, भाऊ भावाला, ऊस उसाचा, फूल फुलाला, विहीर विहिरीत. ऊन तर ‘उन्हात’ जाताना कुठून तरी एक ‘ह’ घेऊन जाते. मोठ्यांना हे दिसतही नाही, पण नुकते वाचू लागलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर ‘ऊस’ आणि ‘उसाच्या’ यांत एक स अक्षर तेवढे सामाईक असते. पहिला उकार दीर्घ, दुसरा ऱ्हस्व. कोशात शोधायला सांगितले तर ते ‘उसा’ शोधेल आणि रित्या हाताने परत येईल. म्हणजे ‘ऊस’ हा एक शब्द वाचायला यायचा तर त्याची निदान चार-सहा रूपे डोळ्यांखालून जायला हवीत. हे काम आपण व्याकरणाच्या तासावर सोडले आहे. तिथे त्याला विभक्ती म्हणतात, तक्ता भरून घेतात आणि शब्दाशी त्याचा काही संबंध आहे हे कुणी बोलत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या निम्म्या चुका अशा जन्माला येतात, असे मला वाटते. मुलाला ‘फूल’ लिहिता येते आणि ‘फुलाला’ही लिहिता येते, दोन्ही एकाच शब्दाची रूपे आहेत आणि उकार नियमाने बदलतो, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट सोबत. मराठीचे खरे वैभव नामांपेक्षा क्रियापदांत आहे असे माझे मत आहे आणि आपली शब्दसंपत्तीची पुस्तके जवळजवळ सगळी नामांची आणि विशेषणांची असतात. एका कापण्यासाठी किती शब्द पाहा. भाजी चिरतात, फांदी छाटतात, कागद कातरतात, लाकूड फोडतात, ऊस तोडतात, कणसे खुडतात. साफ करण्यासाठी तांदूळ निवडतात, पाखडतात, चाळतात. निवडायला बोटे लागतात, पाखडायला सूप, चाळायला चाळण. या तिन्हींचा अर्थ ‘स्वच्छ करणे’ असा लिहिणारा माणूस स्वयंपाकघरात कधी गेलेलाच नसावा. इथे अर्थ म्हणजे हाताची हालचाल आहे. तो दुसऱ्या शब्दाने सांगता येत नाही, करून दाखवावा लागतो किंवा ज्याने केले आहे त्याला विचारावा लागतो. वर्गातल्या अर्ध्या मुलांनी केलेले असते. त्यांना कुणी विचारत नाही.

चौथी गोष्ट जागा. आई, माता, माय, जननी या चारही शब्दांनी एकच बाई दाखवता येते, पण ‘जननी, जेवायला वाढ’ म्हणणारा मुलगा मार खाईल. अर्जात कोणता शब्द, मैत्रिणीच्या चिठ्ठीत कोणता, बातमीत कोणता, हे समजणे म्हणजे अर्धे लेखन शिकणे. याबद्दल जास्त लिहीत नाही. जो शिक्षक निबंध तपासतो, त्याला हे दर पानावर दिसते.

४. मूलभूत शब्द कोणाचे?

‘मूलभूत शब्दसंग्रह’ असे आपण सहज म्हणतो. मूलभूत म्हणजे सोपा, आणि सोपा म्हणजे सगळ्यांना येणारा, असे दोन गैरसमज त्यात एकावर एक चढलेले आहेत.

पहिला गैरसमज मोडायला ‘लागणे’ हे एकच क्रियापद पुरे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवा लागतो, वेळ लागतो, नोकरी लागते, पैसे लागतात, आंबा गोड लागतो, पोरगी रडू लागते. मराठी घरातल्या मुलाला हे फुकटात मिळाले आहे. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल, गडचिरोलीतले गोंडी बोलणारे, नंदुरबारमधले भिलीच्या घरातले मूल वर्गात येते, तेव्हा त्याच्या वाटेतला धोंडा ‘निबिड’ नसतो, ‘लागणे’ असतो. त्याला पुस्तकातले कठीण शब्द शिक्षक समजावतात, कारण ते कठीण म्हणून ठळक छापलेले असतात. सोप्या शब्दापाशी ते एकटे असते.

दुसऱ्या गैरसमजाला आपली बोली पुरते. शेताला विदर्भ-खानदेशात वावर म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात रान. ‘आबा रानात गेलाय’ असे कराडकडची मुलगी लिहिते, तेव्हा आबा औत घेऊन गेलेला असतो. पुण्या-मुंबईत छापलेल्या पुस्तकात रान म्हणजे जंगल. दोन्ही अर्थ खरे आहेत आणि दोन्ही त्या मुलीला माहीत असायला हवेत, पण लाल शाई फक्त एकावर फिरते. लाल शाईने ती एवढेच शिकते की घरचा शब्द चुकीचा असतो. एकदा हे शिकले की मूल घरचे शब्द शाळेच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवते, आणि मग आपण म्हणतो, याच्याकडे शब्दच नाहीत.

याच ठिकाणी एक परदेशी आकडा वारंवार ऐकवला जातो. अमेरिकेतल्या बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी १९९५ साली लिहिले की गरीब घरातले मूल शाळेत जाण्याच्या वयापर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते. तो अभ्यास कॅन्सस परिसरातल्या ४२ कुटुंबांचा होता, त्यावरून आकडा फुगवत नेलेला होता आणि त्याच्यावर पुढे भरपूर टीकाही झाली. शिवाय तो कानावर पडलेल्या शब्दांचा, म्हणजे बोलण्याच्या मात्रेचा हिशेब होता. किती वेगवेगळे शब्द येतात याचा नव्हता. आपल्याकडे त्याचे रूपांतर ‘झोपडीत शब्द नसतात’ अशा सोयीच्या निष्कर्षात होते.

बीडच्या ऊसतोड मजुराचे मूल घ्या. त्याला फड माहीत आहे, मोळी माहीत आहे, जनावरांपुढे टाकायचे वाढे माहीत आहे. कोयता हे हत्याराचे नाव आहेच, पण नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयता म्हणतात, हे लक्षणेचे उदाहरण त्याला कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकाआधी ठाऊक आहे. आणि त्याला उचल माहीत आहे. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम, जी फेडायला आईबाप कारखान्यावर जातात. आपली पहिलीची पुस्तके बिनमात्रेचे शब्द म्हणून कमळ, बदक, नयन देतात. ‘उचल’ हाही बिनमात्रेचाच शब्द आहे. ‘फड’ही. ‘वजन’ही. अक्षरांच्या सोपेपणात ते कमळाच्या बरोबरीचे आहेत आणि अर्थाच्या वजनात किती पुढे!

पाउलो फ्रेइरे यांनी १९६३ साली ब्राझीलमधल्या आंजिकोस गावी हेच केले. सुमारे ३०० मजुरांना त्यांनी सुमारे ४० तासांत लिहावाचायला शिकवायचे ठरवले आणि शब्द निवडले ते मजुरांच्या बोलण्यातून. ‘तिजोलो’, म्हणजे वीट, हा त्यांच्या पद्धतीतला प्रसिद्ध शब्द. आधी विटेवर चर्चा, मग शब्दाचे तुकडे, मग त, ज, ल यांच्या स्वरांसकट ओळी. ही तर आपली बाराखडीच झाली. तिकडे ती मजुराच्या विटेपासून निघाली, आपल्याकडे ती कमळापासून निघते. गंमत अशी की आपल्याकडेही वेगळी परंपरा होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या वारली पाड्यांवर शाळा मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ आणि ‘कुरणशाळा’ ही नावेच सांगतात की शब्द कुठून घ्यायचा. अंगणवाडी देशभर पोचली. तिच्यातला अंगणाचा शब्द मात्र पहिलीच्या वर्गाशी येऊन थांबला.

५. धड्यात नसलेले, पण रोज लागणारे शब्द

धड्यातले शब्द शिकवले जातात, प्रश्नातले नाहीत. ‘सकारण स्पष्ट करा’, ‘वर्गीकरण करा’, ‘तुलना करा’, ‘निष्कर्ष लिहा’, ‘योग्य क्रम लावा’. हे शब्द प्रत्येक विषयात, प्रत्येक चाचणीत येतात आणि कुठल्याही शब्दार्थाच्या तक्त्यात येत नाहीत, कारण ते धड्याच्या खाली असतात, धड्यात नसतात. ‘वर्णन करा’ आणि ‘स्पष्ट करा’ यांत फरक काय, हे सहावीच्या वर्गात विचारून पाहावे. शिक्षकांच्या खोलीतही विचारून पाहावे.

विज्ञान आणि भूगोलाच्या परिभाषेचे तसेच. शासनाचे भाषा संचालनालय १९६० साली सुरू झाले तेव्हापासून मराठीत परिभाषेची मोठी भर पडली. ती क्लिष्ट आहे अशी ओरड होते. क्लिष्ट आहे, पण आंधळी नाही. ‘वर्गीकरण’, ‘विद्युतीकरण’, ‘शुद्धीकरण’ यांत कुणीतरी काहीतरी करतो. ‘बाष्पीभवन’, ‘सांद्रीभवन’ यांत ते आपोआप होते. करण म्हणजे करणे, भवन म्हणजे होणे. ही दहा मिनिटांची गोष्ट आहे आणि ती कळली की डझनावारी शब्द एका झटक्यात मवाळ होतात. तसेच हात आणि हस्त, कान आणि कर्ण, दात आणि दंत, आग आणि अग्नी. हे परके शब्द नाहीत, एकाच घराण्यातले आजोबा-नातू आहेत. मुलाच्या तोंडातल्या ‘हात’ला धरून हस्ताक्षर, हस्तकला, हस्तांतर येथवर चालत जाता येते. आपण काय करतो? तत्सम आणि तद्भव ही नावे नववी-दहावीला पाठ करून घेतो, रकाने भरून घेतो आणि गुण देतो. जे तिसरीत शब्द मिळवायचे साधन व्हायला हवे, ते नववीत लक्षात ठेवायची आणखी एक यादी होऊन बसते.

६. आक्षेप

पाठांतराशिवाय काही येत नाही, असे जुने शिक्षक म्हणतात आणि त्यांचे निम्मे बरोबर आहे. स्मरणाशी माझे भांडण नाही. पाढे पाठ हवेत, कविता तर हव्यातच. कविता पाठ झाली की तिच्यातला शब्द लिंग, रूप, सोबत, सूर या सगळ्यासकट डोक्यात बसतो. माझा आक्षेप सुट्या जोड्या पाठ करण्याला आहे. पाठ करायचेच तर शब्दाऐवजी वाक्य पाठ करावे.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. शब्द शिकवू नका, मुलांना पुस्तके द्या, आपोआप येतील. पुस्तके द्यावीत याबद्दल दुमत नाही. पण ‘आपोआप’ला मर्यादा आहे. स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर या अभ्यासकांनी १९९९ साली वाचनातून शब्द शिकण्याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वाचताना भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सरासरी सुमारे १५ टक्के शब्द मुलांना उमगतात असे दिसले. शंभरात पंधरा. तेही आजूबाजूचे बहुतेक शब्द ओळखीचे असतील तर. ज्याला ओळीतले चार शब्द अडतात, तो संदर्भावरून पाचवा ओळखणार कसा? नुसत्या वाचनावर भिस्त ठेवली की ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळते. आणि इथे माझ्या बाजूलाही एक कबुली द्यायला हवी: मी म्हणतो तसे थोडे शब्द खोलवर शिकवले, तरी बाकीचे हजारो वाचनातूनच यायचे आहेत. वर्गात पन्नास शब्द पुरते शिकवायचे ते एवढ्यासाठी की एक्कावन्नावा पुस्तकात भेटला तर त्याला काय काय विचारायचे, हे मुलाला ठाऊक असावे.

बोलीतले शब्द वर्गात घेतले तर प्रमाण मराठी कच्ची राहील, ही भीती पालकांना खरोखरच वाटते आणि तिची टर उडवू नये. प्रमाण भाषेवरच पुढची नोकरी अवलंबून असते. पण ‘वावर’ पुसून ‘शेत’ लिहिणारे मूल एकच शब्द घेऊन बाहेर पडते. ‘घरी वावर, अर्जात शेत’ असे दोन्ही लिहिणारे मूल दोन शब्द घेऊन आणि शिवाय जागेचे भान घेऊन बाहेर पडते. प्रमाण भाषा पक्की कुणाची झाली?

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांचाही एक आक्षेप असतो, त्याला फार वेळ देत नाही. परके शब्द गाळा म्हणणाऱ्यांनी शाळेचे दप्तर उघडून पाहावे. दप्तर, कागद, शाई, हजेरी हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. गुरुजींचा पगार आणि कपाटाची चावी पोर्तुगिजांची. त्यांच्याशिवाय शाळा भरणार नाही.

उरतो तो वेळेचा आक्षेप, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिलेला असला तरी एका शिक्षकाला दोन-दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात, त्यावर माहित्या भरणे, निवडणुकीची कामे. एवढे सगळे एकेका शब्दासाठी कोण करणार? याला माझे उत्तर हेच की एकेका शब्दासाठी करू नका. आठवड्याला दोन शब्द घ्या. सुमारे चाळीस आठवड्यांत ऐंशी होतात. हजारापुढे ऐंशी हा आकडा केविलवाणा दिसतो, हे कबूल. पण हजारांतले किती शब्द पुढच्या जूनला उरतात, हे कोणत्याही शिक्षकाने आपल्याच वर्गात मोजून पाहावे.

७. गुण कशाला द्यायचे

हे सगळे शिक्षकांना ठाऊक नाही असे समजण्याचे कारण नाही. बरेच जण वर्गात यातले काही ना काही करतातही. घोडे अडते ते प्रश्नपत्रिकेपाशी. ‘समानार्थी शब्द लिहा’ हा प्रश्न काढायला एक मिनिट लागते, तपासायला दहा सेकंद, आणि उत्तरावर वाद होत नाही. वाद न होणारा प्रश्न परीक्षेला आवडतो. जोवर गुण जोडीला आहेत तोवर शिकवणी जोडीचीच होणार, पुस्तिका जोड्यांच्याच खपणार आणि पालक घरी जोड्याच घोटून घेणार. म्हणून बदल अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेतून सुरू होणार नाही. तो एका गुणाच्या प्रश्नातून सुरू होईल.

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती. पुढच्या घटक चाचणीत ‘पाणी’चा समानार्थी शब्द विचारू नका. तो एक गुण वाचवा आणि त्यावर हा प्रश्न घाला: मोगऱ्याच्या कळ्या खुडतात, मग प्राजक्ताची फुले वेचतात असे का म्हणतात? एका वाक्यात लिहा.